उताराचे गणित आणि एक गिरणीवाला

पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही प्रारंभिक पाठ्यपुस्तकात एक छोटे विधान हमखास आढळते : विद्युत क्षेत्र म्हणजे विद्युत विभवाचा ऋण उतार. विधानाखाली सूत्र असते, सूत्राखाली एक सोडवून दाखवलेले उदाहरण असते आणि पान उलटले की दुसरा विषय सुरू होतो. परीक्षेत विभव दिलेले असते, त्यावरून क्षेत्र काढायचे असते. विद्यार्थी विकलन करतो, उणे चिन्ह लावतो आणि गुण मिळवतो. या एका ओळीमागे सुमारे शंभर वर्षांची खटपट आहे, पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका माणसाचे आयुष्य तीत गुंतलेले आहे आणि तिच्यातून उठणारा एक प्रश्न अजूनही पुरता मिटलेला नाही, हे त्याला सहसा कळत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना ही स्थिती परकी वाटू नये. आपल्याकडेही संज्ञा अशाच व्याख्येच्या वेष्टनात हाती येतात. 'साधारणीकरण' म्हणजे काय हे विद्यार्थी चार ओळींत लिहून दाखवतो. भट्टनायकाला ती संज्ञा कशासाठी हवी होती, ती नसती तर कोणता पेच सुटला नसता, हे त्या चार ओळींत मावत नाही. म्हणूनच विज्ञानातील एका संज्ञेचा प्रवास वाङ्मयाच्या वाचकांपुढे मांडावा असे आम्हांला वाटले. त्यासाठी गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. चढ आणि उतार यांतला फरक ज्याला कळतो त्याला या लेखापुरते गणित येते.

*

प्रथम मूळ कल्पना पाहू. एका विद्युत प्रभाराच्या परिसरात दुसरा प्रभार आणून ठेवला तर त्याच्यावर बल लागते. एकक धन प्रभारावर कुठे किती बल लागेल आणि ते कोणत्या दिशेने लागेल, याची ठिकाणवार नोंद म्हणजे विद्युत क्षेत्र. ही नोंद किचकट असते, कारण प्रत्येक ठिकाणी परिमाणाबरोबर दिशाही लिहावी लागते. अवकाशाला तीन मिती असल्यामुळे दर ठिकाणी तीन आकडे लागतात. विभवाची नोंद त्या मानाने सोपी. प्रत्येक ठिकाणी एकच आकडा. एकक धन प्रभार फार दुरून त्या ठिकाणापर्यंत सावकाश आणायला किती कार्य करावे लागेल, ते तो आकडा सांगतो.

डोंगराळ मुलखाच्या नकाशावर जागोजागची उंची लिहावी तसा हा प्रकार आहे. उंचीला दिशा नसते. तरीही सगळीकडची उंची ठाऊक असली की पाणी कोणत्या बाजूने वाहील आणि कुठे त्याला ओढ अधिक असेल, हे नकाशावरून सांगता येते. भूगोलाच्या पुस्तकातील समोच्च रेषा जिथे दाटीने येतात तिथे कडा असतो आणि जिथे विरळ होतात तिथे पठार. विभवाचेही तसेच आहे. ज्या दिशेने विभव सर्वांत झपाट्याने उतरते ती क्षेत्राची दिशा. त्या दिशेने मीटरमागे जितके व्होल्ट उतरतात ती क्षेत्राची तीव्रता. सूत्रातील उणे चिन्ह एवढेच सांगते की क्षेत्राचे बोट चढाकडे नसून उताराकडे असते.

एक नॅनोकूलोंब प्रभारापासून एक मीटर अंतरावर विभव सुमारे ९ व्होल्ट असते, दोन मीटरवर सुमारे ४.५ व्होल्ट. एक मीटरवरून आणखी एक सेंटिमीटर दूर सरकलो तर विभव सुमारे ०.०९ व्होल्टने उतरते. म्हणजे तेथील उतार मीटरमागे सुमारे ९ व्होल्ट. दोन मीटरवर उभे राहून तेवढेच सरकलो तर घट केवळ ०.०२२ व्होल्टच्या आसपास भरते; म्हणजे उतार मीटरमागे सुमारे सव्वादोन व्होल्ट. अंतर दुप्पट झाले तेव्हा विभव निम्मे झाले, क्षेत्र मात्र चौथाईवर आले. कूलोंबने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने मोजून मांडलेला व्यस्त वर्गाचा नियम विभवाच्या साध्या भागाकारात असा दडलेला असतो. तो उतार काढला की दिसतो.

या ठिकाणी नवख्या विद्यार्थ्याची एक ठरलेली चूक होते. विभव शून्य असेल तिथे क्षेत्रही शून्य असणार, असे तो धरून चालतो. दोन सारखेच प्रभार घ्यावेत, एक धन व एक ऋण, आणि त्यांच्या बरोबर मध्यावर पाहावे. तेथे दोघांची विभवे एकमेकांना खोडतात व बेरीज शून्य येते. पण क्षेत्र तेथे चांगलेच बलवान असते, कारण एक ढकलतो आणि दुसरा ओढतो, तेही एकाच दिशेने. आता दोन्ही प्रभार धन घेतले तर मध्यावर विभव भरपूर आणि क्षेत्र शून्य. भारित पोकळ धातुगोलाच्या आत तर सर्वत्र तेच उंच विभव असते आणि क्षेत्र कुठेच नसते. उंच पठारावर पाणी वाहत नाही, तसे. एका बिंदूवरचा आकडा सुटा घेतला तर तो क्षेत्राविषयी काहीही सांगत नाही. अर्थ येतो तो शेजारच्या आकड्यांशी असलेल्या फरकातून. सगळ्या आकड्यांत शंभर मिळवा, उतार बदलणार नाही. विजेच्या उघड्या तारेवर बसलेला पक्षी सुखरूप असतो तो याच कारणाने : त्याच्या दोन्ही पायांखालच्या विभवांत जवळजवळ फरक नसतो.

साहित्याच्या वाचकाला येथे फेर्दिनां द सोस्यूर आठवणे स्वाभाविक आहे. भाषेत जे काही आहे ते भेदांवर उभे आहे, चिन्हाला मूल्य येते ते शेजारच्या चिन्हांपासूनच्या वेगळेपणामुळे, हा त्याच्या १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांचा गाभा. साम्य लक्षणीय आहे, परंतु ते फार ताणू नये असेच आम्ही म्हणू. विभवाच्या बाबतीत भेद मोजता येतो आणि त्या भेदामुळे वस्तू हलतात.

*

ही कल्पना विजेच्या अभ्यासातून जन्मलेली नाही. ती आली आकाशातून. १७७० च्या दशकात लाग्रांज ग्रहांच्या परस्पर आकर्षणाचे गणित करीत होता. अनेक वस्तुमानांची ओढ एकत्र करायची तर प्रत्येक ओढीची दिशा सांभाळावी लागे. त्याच्या ध्यानात आले की प्रत्येक वस्तुमानाला त्याच्या अंतराने भागून सगळ्या भागाकारांची बेरीज केली, तर त्या एका राशीच्या विकलनातून तिन्ही दिशांची बले मिळतात. दिशांचा जाच बेरजेच्या वेळी टळतो; दिशा शेवटी, उतार काढताना, परत येतात. पुढे १७८० च्या दशकात लाप्लासने या राशीला एक समीकरण घालून दिले. प्वासाँने १८१२-१३ च्या सुमारास हेच तंत्र विजेकडे वळवले आणि जिथे प्रभार प्रत्यक्ष हजर आहे तेथे लाप्लासच्या समीकरणात काय बदल होतो ते दाखवले.

या फ्रेंच गणितज्ञांनी त्या राशीला नाव दिले नाही. ती एक अक्षर होती. उत्तरापर्यंत जाण्यासाठी घेतलेली वाट, आणि उत्तर हाती आले की विसरायची. खरे होते ते बल. अक्षर ही हिशेबाची सोय होती. ही गोष्ट आम्ही मुद्दाम ठळक करतो, कारण आजच्या पाठ्यपुस्तकात विभव एखाद्या वस्तूसारखे अवतरते : त्याला एकक असते, मापक यंत्र असते, त्याच्या नावाने धोक्याच्या पाट्या लागतात. अक्षरापासून वस्तूपर्यंतचा हा प्रवास आपोआप झाला नाही. त्याची सुरुवात नाव देण्यापासून झाली, आणि ते नाव दिले अशा माणसाने ज्याला पॅरिसच्या अकादमीत कुणी ओळखत नव्हते. केंब्रिजमध्येही नाही.

*

जॉर्ज ग्रीन १७९३ मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे जन्मला. वडील पाव भाजून विकत. मुलाचे शालेय शिक्षण वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी झालेल्या चार सत्रांपुरते; नंतर तो भट्टीच्या कामाला लागला. १८०७ मध्ये वडिलांनी शहराबाहेर स्नेन्टनच्या टेकडीवर विटांची पवनचक्की उभारली आणि ग्रीनच्या आयुष्याची पुढची वीस-बावीस वर्षे तेथे दळण्यात गेली. १८२३ मध्ये तो नॉटिंगहॅमच्या वर्गणी भरून चालणाऱ्या ग्रंथालयाचा सभासद झाला. फ्रेंच गणिताची नवी भाषा त्या काळी केंब्रिजलाही नुकतीच पोचत होती. ती या गिरणीवाल्याने कोणाच्या मदतीने आत्मसात केली याविषयी चरित्रकारांनी तर्क केले आहेत. पुरावा एकच : १८२८ मध्ये त्याने स्वतःच प्रसिद्ध केलेला प्रबंध. विषय होता वीज व चुंबकत्व यांच्या सिद्धांतांना गणिती विश्लेषणाचा उपयोग. किंमत साडेसात शिलिंग, आगाऊ वर्गणीदार ५१. त्यांतले बरेचसे त्याच ग्रंथालयाचे सभासद. त्यांच्यापैकी कितीजणांना पहिली पाने ओलांडता आली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. ज्ञान मिळवण्याची साधने आपल्याला मर्यादित होती, तेव्हा गणितज्ञांनी हे लेखन सहानुभूतीने वाचावे, अशी विनंती ग्रीनने प्रस्तावनेत केली आहे.

त्या प्रबंधात लाप्लास-प्वासाँच्या अनामिक राशीला ग्रीनने नाव दिले : 'पोटेन्शियल फंक्शन'. पण नावाहून मोठे काम निराळे होते. ग्रीनने प्रश्नाची बाजूच बदलली. प्रभार कुठे किती आहे हे ठाऊक असेल तर कूलोंबच्या नियमाने बल काढता येते, मग विभवाचा वळसा कशाला? अडचण अशी की धातूवरचा प्रभार आपल्याला विचारून बसत नाही. शेजारी दुसरी वस्तू आणली की तो पृष्ठभागावर सरकतो, एका जागी दाटतो, दुसरीकडे विरतो. तो कुठे किती आहे हेच तर शोधायचे असते. ठाऊक असते ते एवढेच, की प्रभार स्थिरावल्यावर संपूर्ण धातूभर विभव एकसारखे असते; नाहीतर उतार उरला असता आणि प्रभार सरकतच राहिला असता. म्हणजे हाताशी असते विभव, तेही केवळ सीमेवरचे. सीमेवरच्या या माहितीवरून आतल्या वा बाहेरच्या अवकाशातील विभव कसे मिळवायचे, याची रीत ग्रीनने दिली. त्या विभवाचा उतार काढला की बल आले, आणि पृष्ठभागापाशी तो उतार किती तीव्र आहे त्यावरून प्रभारही आला.

पाठ्यपुस्तकातले उदाहरण उलट्या क्रमाने शिकवले जाते, असे आम्हांला वाटते ते यामुळे. तेथे प्रभार आधी दिलेले असतात, त्यांवरून विभव काढून दाखवतात आणि विभवावरून क्षेत्र. विद्यार्थ्याला वाटते, ही एक जास्तीची कसरत आहे. ग्रीनच्या हातात ती एकमेव वाट होती. बॅटरी आपल्याला ठरावीक विभवांतर देते. प्रभार किती आणि कुठे, हे ती सांगत नाही. तीन मिलिमीटर अंतरावरच्या दोन समांतर पत्र्यांना नऊ व्होल्टची बॅटरी जोडली, तर पत्र्यांमध्ये मीटरमागे ३,००० व्होल्टचा उतार तयार होतो. हे उत्तर मिळवताना पत्र्यावरचा प्रभार विचारावाही लागला नाही.

प्रबंध निघाला आणि काहीच घडले नाही. वर्गणीदारांपैकी सर एडवर्ड ब्रॉमहेड या लिंकनशरमधील जमीनदाराला मात्र गणित येत होते. त्याने पत्र पाठवून पुढील लेखन विद्वत्सभांकडे पोचवण्याची तयारी दाखवली. मोठ्या माणसांचे असले शब्द केवळ शिष्टाचाराचे असतात, असा सल्ला ग्रीनला कुणी दिला होता. त्याने उत्तर धाडायला दीड वर्षाहून अधिक काळ घेतला. वडील १८२९ मध्ये वारले, गिरणीतून मोकळे होण्याइतका पैसा हाती आला आणि ब्रॉमहेडच्या प्रोत्साहनाने ग्रीन १८३३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, केंब्रिजच्या कीज कॉलेजात विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १८३७ च्या परीक्षेत तो चौथा रँग्लर आला. हा शब्द मराठी वाचकाला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे परिचित आहे. ते १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले होते. १८३९ मध्ये ग्रीनला फेलोशिप मिळाली. तिला अविवाहित असण्याची अट होती. गिरणीच्या व्यवस्थापकाची मुलगी जेन स्मिथ हिच्यापासून ग्रीनला सात मुले झाली. विवाह कधीच झाला नाही. प्रकृती ढासळल्याने तो नॉटिंगहॅमला परतला आणि ३१ मे १८४१ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मरण पावला. आपला प्रबंध कुणी मन लावून वाचला आहे, असे मानायला त्याच्यापाशी फारसे कारण नव्हते.

*

त्या प्रबंधाला वाचक मिळाला तो एका उल्लेखातून. रॉबर्ट मर्फीच्या लेखात ग्रीनच्या प्रबंधाचा ओझरता निर्देश होता. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, त्या वेळी केंब्रिजचा विद्यार्थी होता. त्याने तो निर्देश पाहिला, पुस्तकविक्रेत्यांकडे चौकशी केली, पण प्रत मिळेना. जानेवारी १८४५ मध्ये, पॅरिसला निघण्याच्या आदल्या दिवशी, आपले शिक्षक विल्यम हॉपकिन्स यांच्याशी बोलताना विषय निघाला आणि कळले की त्यांच्याकडे प्रती पडून आहेत. वीस वर्षांच्या टॉमसनने त्या पॅरिसला नेल्या. लिऊव्हील आणि स्तूर्म यांनी त्या वाचल्या. स्तूर्मला आपले एक प्रमेय त्यात आधीच सिद्ध झालेले आढळले. गाउसनेही १८४० मध्ये यांपैकी काही निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले होते, आणि योगायोग असा की त्यानेही 'पोटेन्शियल' हाच शब्द वापरला होता. टॉमसनच्या खटपटीने ग्रीनचा प्रबंध बर्लिनहून निघणाऱ्या क्रेलेच्या नियतकालिकात १८५० ते १८५४ या काळात तीन हप्त्यांत पुन्हा छापला गेला. लेखक जाऊन तेव्हा नऊ वर्षे उलटली होती.

संहितेचे जगणे-मरणे हा साहित्याच्या इतिहासाचा नेहमीचा विषय. हस्तलिखिते कोनाड्यात राहतात, एखादा संशोधक ती उजेडात आणतो. विज्ञानात असे होत नाही, सत्य असेल ते आज ना उद्या कोणीतरी शोधतोच, असे म्हटले जाते. गाउसचे उदाहरण त्या म्हणण्याला बळ देते, हे खरे. तरीसुद्धा सीमेवरून आत जाण्याची ग्रीनची नेमकी रीत टॉमसनच्या हाती आली ती एका ग्रंथालयामुळे, एका ओझरत्या उल्लेखामुळे आणि एका शिक्षकाने प्रती फेकून न दिल्यामुळे. सत्य टिकते, पण कागदाच्या आधाराने टिकते.

टॉमसनची तयारी आधीच झाली होती. सतरा वर्षांचा असताना, १८४२ मध्ये, त्याने एक लेख प्रसिद्ध केला होता. त्यात दाखवले होते की घन पदार्थातील उष्णतेच्या स्थिर वहनाचे गणित आणि विजेच्या आकर्षणाचे गणित एकच आहे. तापमानाच्या जागी विभव ठेवावे, उष्णतेच्या प्रवाहाच्या जागी बल. उष्णता तापमानाच्या उतारावरून वाहते, बल विभवाच्या उतारावरून. फ्रेंचांचे कोरडे अक्षर येथे प्रथम काहीतरी वाहू लागले.

*

वाहण्याची ही प्रतिमा दुसऱ्या एका माणसाच्या मनात कधीपासून होती. मायकेल फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वाढलेला. औपचारिक गणित त्याला येत नव्हते. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या वळणदार रेषांत मांडला जातो त्या रेषा त्याने खऱ्या मानल्या. बल दुरून उडी मारून येत नाही, मधल्या अवकाशातून रेषा-रेषांनी येते, अशी त्याची धारणा होती आणि १८४५ पासून तो या अर्थाने 'क्षेत्र' हा शब्द वापरू लागला. म्हणजे आपल्या त्या एका ओळीतील दोन नामे दोन निरनिराळ्या कुळांतली आहेत. विभव हे गणित्यांचे, कागदावर जन्मलेले. क्षेत्र हे प्रयोगशाळेतले, डोळ्यांनी पाहिलेले. दोघांची गाठ घालणारा 'उतार' हा शब्द यायचा होता.

तो आणला जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. फॅरडेच्या रेषांवर त्याने १८५५-५६ मध्ये पहिला मोठा निबंध वाचला. फॅरडे त्याहून चाळीस वर्षांनी वडील. आपल्या कल्पनांवर इतके गणित ओतलेले पाहून आपण आरंभी घाबरूनच गेलो होतो, असे त्याने मॅक्सवेलला १८५७ मध्ये कळवले, आणि त्याच वर्षी आणखी एका पत्रात विचारले की गणितज्ञांना आपले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत काय. या प्रश्नाचे उत्तर मॅक्सवेल पुढे आयुष्यभर देत राहिला असे म्हणता येईल. १८७३ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने नोंदवले की फॅरडेची विचारपद्धतीही गणितीच होती, फक्त रूढ चिन्हांत मांडलेली नव्हती.

१८७० हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी मॅक्सवेलने टेकड्या आणि दऱ्या यांवर एक छोटा निबंध लिहिला. समोच्च रेषा आणि उताराच्या रेषा एकमेकींना काटकोनात कशा छेदतात, शिखरे, खोलगट जागा आणि खिंडी यांच्या संख्यांत कोणते नाते असते, हा त्याचा विषय. अलीकडे शिक्षक डोंगराचा दृष्टान्त देतात तेव्हा ते अवघड गोष्ट सोपी करून सांगत आहेत असे आपल्याला वाटते. मॅक्सवेलच्या टेबलावर हे दोन्ही नकाशे शेजारी-शेजारीच होते. विभवातून क्षेत्र काढून देणाऱ्या क्रियेला काय नाव द्यावे, याची चर्चा त्याच वर्षी तो आपला मित्र पीटर टेट याच्याशी पत्रांतून करीत होता. लामे या फ्रेंच गणितज्ञाने वापरलेली संज्ञा मॅक्सवेलला पटेना, कारण तिच्या उच्चारात दिशेचा भास नव्हता. त्याने सुचवले : 'स्लोप', उतार. शब्दाच्या ध्वनीतून दिशा सूचित व्हावी, हा आग्रह एखाद्या कवीला शोभणारा आहे. पुढे शास्त्रात 'ग्रेडियंट' हा शब्द स्थिरावला आणि मराठीत त्याला 'प्रवणता' म्हणतात. पण अर्थ तोच राहिला.

त्या क्रियेचे चिन्ह म्हणजे एक उलटा त्रिकोण. ते हॅमिल्टनचे. त्याला नाव सुचवले विल्यम रॉबर्टसन स्मिथ याने, जो पुढे बायबलचा आणि सेमिटिक धर्मांचा अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झाला. चिन्हाचा आकार प्राचीन ॲसिरियन वीणेसारखा, म्हणून त्या वाद्याचे नाव : 'नाब्ला'. मॅक्सवेलने या नावावर थट्टेची कविताही रचली. सूत्रांच्या रुक्ष पानावर एक वाद्य असे येऊन बसले आहे.

*

कथा येथे संपली असती तर विभव हे शेवटी सोयीचेच साधन ठरले असते. १८८० च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइड या स्वयंशिक्षित इंग्रज तारायंत्र-तज्ज्ञाची भूमिका तशीच होती. त्याच्या मते खरी ती क्षेत्रे. विभवे समीकरणांत नाहक गर्दी करतात, त्यांना हाकलून द्यावे. मॅक्सवेलची समीकरणे आज ज्या चार ओळींत शिकवली जातात ती मांडणी मुख्यतः हेविसाइडची आणि हर्ट्झची आहे. तीत विभवाला जागा नाही. युक्तिवाद बिनतोड दिसत होता. विभवात शंभर मिळवले तरी जगात काही बदलत नाही. मग जे बदलूनही काही बदलत नाही, ते खरे कसे मानावे?

१९५९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील याकीर अहारोनोव्ह आणि डेव्हिड बोम यांनी या युक्तिवादाला छेद दिला. चुंबकत्वासाठीही एक विभव असते. ते प्रत्येक बिंदूपाशी दिशायुक्त असते आणि त्याच्यातून चुंबकीय क्षेत्र काढण्याची क्रिया उताराहून वेगळी, भोवऱ्याच्या जातीची असते. लांब व बारीक विद्युत-वेटोळ्याच्या आत चुंबकीय क्षेत्र कोंडता येते. बाहेर क्षेत्र जवळजवळ शून्य, पण विभव शून्य नाही. वेटोळ्याच्या दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रॉन जाऊ दिले आणि पलीकडे त्यांच्या लहरी एकत्र आणल्या तर काय दिसेल? क्षेत्र हेच सर्वस्व असेल तर वेटोळ्यात वीज सोडल्याने काही फरक पडू नये. पुंजयामिकीचे गणित सांगत होते की पट्ट्यांचा आकृतिबंध सरकेल. अशीच शक्यता वेर्नर एहरेनबर्ग व रेमंड सायडे यांनी १९४९ मध्ये मांडली होती आणि ती दुर्लक्षित राहिली होती. या इतिहासात ग्रीन एकटा नाही. प्रयोगांनी आकृतिबंध सरकतो हे दाखवले. १९८६ मध्ये जपानमध्ये आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म कडीच्या आकाराचा चुंबक अतिसंवाहकाने मढवून, क्षेत्र बाहेर गळण्याची शंका दूर करून, तो निष्कर्ष पक्का केला.

म्हणून विभव खरे आणि क्षेत्र खोटे, असा निकाल लागला असे मात्र नव्हे. मोजता येतो तो एका पूर्ण फेरीतला हिशेब; बिंदूवरचा सुटा आकडा अजूनही हाती लागत नाही. या परिणामाचा नेमका अर्थ काय, यावर पदार्थवैज्ञानिक आणि तत्त्वज्ञ आजही एकमताचे नाहीत. एवढे नक्की की ज्याला केवळ हिशेबाची सोय म्हणून घरात घेतले, त्याला बाहेर काढणे पुढे शक्य झाले नाही.

मराठीत या संकल्पनेसाठी 'विभव' आणि 'वर्चस्' असे दोन संस्कृत शब्द योजले गेले. एकात सामर्थ्य व संपन्नता, दुसऱ्यात तेज. मूळ 'पोटेन्शियल' शब्दाच्या लॅटिन मुळाशी आहे ती क्षमता, जी अजून कृतीत उतरलेली नाही ती. तिन्ही शब्द काहीतरी सुप्त, साठलेले असे सुचवतात. ग्रीनच्या प्रबंधाला हे वर्णन जसेच्या तसे लागू पडते. १९९३ मध्ये, त्याच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याच्या नावाची शिळा बसवण्यात आली. स्नेन्टनची पवनचक्की १९४७ मध्ये आगीत सापडली होती. १९८० च्या दशकात ती दुरुस्त होऊन पुन्हा दळू लागली. त्याने बेतलेली 'ग्रीन फंक्शने' ध्वनी, उष्णता, भूकंपलहरी आणि मूलकणांच्या सिद्धांतांत वापरली जातात. ज्युलियन श्विंगरने त्याच १९९३ मध्ये नॉटिंगहॅमला व्याख्यान देऊन या गिरणीवाल्याचे आपल्यावरचे ऋण मान्य केले.

पदार्थविज्ञानाच्या वर्गात हे सारे शिकवावे, असा आमचा आग्रह नाही. अभ्यासक्रमाला वेळेचे बंधन असते, हे आम्हीही शिक्षक असल्याने जाणतो. परंतु ती एक ओळ फळ्यावर लिहिताना एवढे तरी म्हणता येईल की तिच्यातील एक शब्द गणितज्ञांनी वापरून अनामिक सोडला होता व एका पाववाल्याच्या मुलाने त्याला नाव दिले, दुसरा शब्द पुस्तके बांधणाऱ्या एका उमेदवाराच्या डोळ्यांसमोर लोखंडाच्या किसातून उमटला, आणि दोघांना जोडणारे चिन्ह एका प्राचीन वाद्याच्या नावाने ओळखले जाते. सूत्र त्याने सोपे होणार नाही. पण ते माणसांनी केलेले आहे, हे विद्यार्थ्याला कळेल. आणि जे माणसांनी केले आहे ते आपल्यालाही समजू शकेल, हा धीर त्याला त्यातून मिळेल.